मदत हवी आहे: बाहेरच्या पायऱ्यांना कुठलं फिनिश घ्यावं?
नमस्कार मंडळी, कोल्हापुरात घराचं काम चाललंय, अंगणातल्या पायऱ्यांचा दगड ठरवायचाय. आईचे गुडघे दुखतात आणि आपल्याकडं पावसाळाभर सगळं ओलं, वर शेवाळ, त्यामुळं पॉलिश नकोच. कोटा फरशीपण बाद, चुनखडीचा दगड, ॲसिडनं धुतला की वरचा थर खातोय. दुकानदार म्हणतोय ग्रॅनाइट फ्लेम करून घ्या, जाळानं वरचे कण उडून खरखरीत होतो, आणि मिस्त्री म्हणतोय आपला काळा दगडच (बेसाल्ट) टाकी मारून, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडून बसवू, त्यात क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) जवळपास नसतंच म्हणून त्याला फ्लेम नीट येत नाही. मला काळा दगडच आवडतोय, पण टाकीच्या खाचांत शेवाळ जास्त धरतं का? आणि लेदर फिनिश (ब्रशनं घासून चामड्यासारखा केलेला पृष्ठभाग) ओल्यात घसरतं का? ज्यांनी एखाददुसरा पावसाळा काढलाय त्यांनी सांगा की राव, फोटो असला तर टाका.