दिवेलागणीला पापणी उतरते, मायस्थेनिया म्हणतात. लकवा आहे का हा?

गुहागरची सून:
सासूबाई ६२ वर्षांच्या. सकाळी विळीवर बसून दोन नारळ सहज खवतात, संध्याकाळी एक कवड धड होत नाही. दिवेलागणीला डावी पापणी उतरते, भाकरी चावताना जबडा दमतो. शेजारणीने दृष्ट काढली, एकांनी चष्म्याचा नंबर बदलून दिला. आता रक्तात अँटीबॉडी निघाल्या, मायस्थेनिया ग्रेव्हिस म्हणाले. हा लकवा का? आणि छातीचा सीटी कशाला?

हर्णैकर:
लकवा नव्हे, वहिनी. मला सहा वर्षं आहे. जाळं विणता विणता मान वर केली तर सुवर्णदुर्ग दोन! एक डोळा झाकला की एकच.
नस सांगते "हल", पण स्नायूवर तो निरोप घ्यायची जागा आपल्याच अँटीबॉडी अडवतात. म्हणून सुरुवातीला जमतं, मग हात गळतो, बसलं की परत येतो. आपल्याकडच्या मण्यारीचं विषही नस आणि स्नायूच्या याच जोडावर मारा करतं, तिच्या दंशातही पापण्या पडतात.
सीटी थायमससाठी, म्हणजे छातीच्या हाडामागच्या ग्रंथीसाठी. दहा-पंधरा टक्के रुग्णांत तिथे गाठ सापडते. माझी निघाली, मुंबईला काढली.
पायरिडोस्टिग्मिनची गोळी अर्ध्या तासात लागू पडते, तीन-चार तास टिकते. मी साडेबाराला घेतो, एकला जेवतो, म्हणजे घास गिळता येतो. पोट गुरगुरतं, ते चालायचंच.
एकदा तापात कुणी अझिथ्रोमायसिन दिलं आणि तिसऱ्या दिवशी पेज नाकातून आली. काही औषधांनी हा अशक्तपणा वाढतो. तेव्हापासून त्यांची चिठ्ठी खिशात: सिप्रोफ्लॉक्सासिन, क्लोरोक्विन, मॅग्नेशियमचं इंजेक्शन, सगळं आधी न्यूरोलॉजिस्टला विचारून. बोलताना धाप लागली, थुंकी गिळेना, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच गाडी काढा.
आणि पापणीवर बर्फ धरून बघा, गारव्याने ती थोडा वेळ उचलते.

मेडिकलवाला, दापोली:
स्टेरॉइड सुरू केलं तर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत अशक्तपणा वाढूही शकतो, लक्ष ठेवा. मनाने बंद मात्र करू नका. गिऱ्हाइकं तेच करतात.

गुहागरची सून:
सीटी सोमवारी. काल फडक्यात बर्फ बांधून दोन मिनिटं धरला, डोळा टक्क उघडला! सासूबाई म्हणतात, "मग आता भजनाला काय बर्फ घेऊन बसू?"