पन्नाशीनंतर परत बाईक, कुठली घेऊ आणि काय बघू?

घाटवेडा५४
कॉलेजपासून घरची बुलेट चालवायचो, ती जुनी, गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. मग लग्न, पोरं, गाडी विकली आणि नुसती कार. आता मुलगी नोकरीला लागली आणि मला परत खाज सुटलीये. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० वर बसून आलो, बसल्यावर मस्त वाटलं पण स्टँडवरून काढताना जड गेली. उंची पाच-पाच, डावा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. रविवारी मुळशी, ताम्हिणी एवढंच, लडाख वगैरे नाही. घरी "या वयात?" सुरू झालंय. परत सुरू केलेल्यांनी सांगा.

साईडस्टँड
दादा मॉडेल नंतर, आधी पायाचं बघा. आता ब्रेक उजव्या पायात. एरवी लक्षात राहतं हो, पण कुत्रं आडवं आलं की पाय जुन्या सवयीने डावीकडे दाबतो आणि तिथे आता गिअर आहे, म्हणजे ब्रेक लागायचा राहिला आणि वर गाडी झटका देऊन खालच्या गिअरमध्ये. तुमच्या बुलेटला पहिला वर होता, इथे पहिला खाली. सकाळी रिकाम्या मैदानात जा, पोराला समोर उभं करा, त्याने अचानक हात केला की थांबायचं, पाय आपोआप बरोबर पडेपर्यंत तेच. आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) असेल तर ब्रेक पंप करू नका, दाबून धरायचा, लिव्हर थरथरते ती थरथरू द्या. काही व्हेरिएंटना फक्त पुढच्याच चाकाला एबीएस असतो, दोन्हीचं घ्या.

राणी_रायडर
मी ४८ ला परत सुरू केलं, उंची पाच-दोन. क्लासिक १९५ किलो आणि सीट ८०५ मिमी. त्याच कंपनीची हंटर १८१ आणि ७९०. मीटिअरची सीट ७६५ च आहे पण पाय पुढे ठेवून बसायचं, गुडघ्याला काहींना बरं पडतं काहींना नाही, अर्धा तास चालवल्याशिवाय कळत नाही, शोरूमवाल्याच्या एका राऊंडवर जाऊ नका. चालताना वजन जाणवतच नाही, खरा त्रास पार्किंगमध्ये. उतारावर पुढचं चाक खाली करून लावलीत तर १९५ किलो मागे ओढत बसाल.

चष्मिष
लायसन्स बघा आधी. रिन्यू करताना दुचाकीचा क्लास कार्डवर राहिलाय ना, एमसीडब्ल्यूजी (गिअरवाली मोटरसायकल) लिहिलेलं असतं. संपून वर्ष उलटलं असेल तर परत टेस्ट, आणि चाळिशीनंतर डॉक्टरचा फॉर्म १ए लागतोच. हेल्मेट चष्मा घालून ट्राय करा, काड्या कानावर इतक्या दाबतात की तासाभरात डोकं भणभणतं. शुगर असेल तर पायाची बोटं बधिर नाहीत ना तेही विचारा, ब्रेकचा अंदाज तिथूनच येतो.

मिसळप्रेमी
सगळं बरोबर पण पावसाळ्यात रविवारी ताम्हिणी नका हो. धुकं, शेवाळ आणि रस्त्यात उभं राहून सेल्फी काढणारी जनता. बुधवारी जा, रिटायर व्हायची वाट कशाला, एक सुट्टी टाका.

घाटवेडा५४
लायसन्सवर क्लास आहे, हुश्श. क्लासिक बाजूला ठेवली (मन मानत नाहीये), शनिवारी हंटर चालवून बघतो. साईडस्टँड, कोथरूड-बावधनकडे सकाळी मोकळं मैदान कुठलं? सोसायटीत सराव केला तर वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे सल्ला द्यायला येतील.

साईडस्टँड
मैदान शोधू नका, रविवारी सकाळी सातच्या आत एखाद्या आयटी कंपनीबाहेरचा रस्ता बघा, चिटपाखरू नसतं. बूट घालून या, फ्लोटर्स नको.