मदत हवी आहे : राइडचा दांडा मुलीला सैल, रविवारपूर्वी उत्तर हवे

अवली : गेल्या आठवड्यात राइडवर मांडीवर येणारा सुरक्षेचा दांडा माझ्या पोटाला घट्ट टेकला, परंतु मुलीच्या मांडीवर चांगली वीतभर पोकळी राहिली. पहिल्याच उतारावर ती आसनावरून उचलली गेली आणि पुढचा सगळा वेळ मी तिचा दंड धरून बसले. ऑपरेटरने दांडा एकदा हलवून पाहिला आणि ‘लॉक झाला आहे’ असे म्हणून तो पुढे गेला. रविवारी पुन्हा जायचे आहे. दांडा बिघडलेला होता का, एवढेच सांगावे.

खटपट्या : राइड कोणत्या प्रकारची होती, मुलीची उंची किती आणि दांडा दोघींना मिळून एकच होता का, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

भटक्या : मळमळीची गोळी निघण्यापूर्वी अर्धा तास घ्यावी. आम्हाला तिचा फार उपयोग झाला.

अवली : मळमळ कोणालाही झाली नव्हती. लहान रोलर कोस्टर होता, मुलगी उंचीच्या खुणेपेक्षा चार बोटे वर आहे आणि दांडा अर्थातच एक होता.

खटपट्या : ‘अर्थातच’ नव्हे, गोम तिथेच आहे. सामाईक दांडा दोघांपैकी ज्याचे पोट मोठे त्याच्यापाशी अडतो आणि शेजारचे लहान मूल मोकळे राहते. हा बिघाड नसून रचनेचीच मर्यादा आहे. लॉक झाल्याने दांडा वर उघडत नाही, पण राहिलेली पोकळी काही भरून निघत नाही. तो पोटावर नव्हे, तर मांड्या कमरेला मिळतात तिथे टेकायला हवा.

सडेतोड : खांद्यावरून येणारा हार्नेस नसेल तर बसूच नये. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास जायंट या रोलर कोस्टरवरून एक महिला पडली, तिथे लॅप बारच, म्हणजे असाच मांडीवरचा दांडा होता.

खटपट्या : आणि २०२२ मध्ये ऑर्लँडोच्या फ्री फॉल मनोऱ्यावरून १४ वर्षांचा मुलगा निसटला, तिथे खांद्यावरचाच हार्नेस होता. त्या आसनाचा सेन्सर हाताने बदलून ठेवलेला असल्यामुळे हार्नेस आणि आसन यांच्यातली फट नेहमीपेक्षा मोठी असूनही यंत्रणेने हार्नेस बंद असल्याचे मानले. शिवाय पट्टा नव्हता. टेक्सासमध्ये अपघातानंतर पट्टे बसवले, हेही आपण सांगायला हवे होते.

सडेतोड : म्हणजे हार्नेस आणि पट्टा दोन्ही हवेत. मी वेगळे काय म्हणालो?

अवली : आपला वाद चालू द्या. तिला तिच्याच अंगलोटाच्या मैत्रिणीशेजारी बसवले तर चालेल का?

खटपट्या : मोठ्या माणसाशिवाय बसण्याइतकी तिची उंची आहे का, हे आधी फलकावर पाहा. असल्यास बसवा, मात्र दांडा दोघींच्या मांड्यांना टेकला नाही, तर गाडी सुटण्यापूर्वीच त्यांना उतरवा.

अवली : तो फलक मी वाचलाच नव्हता.