माया नगरांतील भव्य मंदिरांच्या आत खोल्या इतक्या अरुंद का?

वैदेही_क

नमस्कार. गेले काही महिने मी ग्वाटेमालातील पेतेनच्या अरण्यात वसलेल्या तिकाल या प्राचीन माया संस्कृतीच्या नगराचे नकाशे आणि तिथल्या इमारतींची छेदचित्रे पाहत आहे, आणि एका गोष्टीचा उलगडा मला अजून झालेला नाही. तिथले पहिले मंदिर सुमारे 47 मीटर उंच आहे आणि चौथे तर सुमारे 65 मीटर. एवढा डोंगर रचून माथ्यावर पोहोचावे, तर तिथे एकामागे एक अशा मोजक्याच अंधाऱ्या खोल्या आहेत आणि त्यांच्या रुंदीपेक्षा भिंतींची जाडीच अधिक भरते. माया लोकांना खरी कमान ठाऊक नव्हती म्हणून असे झाले, एवढेच उत्तर बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते. ज्यांनी शून्यासाठी चिन्ह योजले आणि शुक्राच्या उदयास्ताची कोष्टके मांडली, त्यांना शेकडो वर्षांत याहून मोकळी खोली बांधता आली नाही, हे मला पटत नाही. या विषयाचा अभ्यास असणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जोतेबंद

वैदेहीताई, आपण वाचलेले उत्तर चुकीचे नाही, पण ते फार लवकर थांबते. मी व्यवसायाने बांधकामाचा अभियंता असल्यामुळे आधी कमानीविषयी लिहितो.

खऱ्या कमानीत पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना दाबून धरतात. माया पद्धतीत प्रत्येक थराचा दगड खालच्या थरापेक्षा थोडा पुढे सरकवतात. दोन्ही बाजू वर जाता जाता जवळ येतात आणि शेवटी उरलेली फट एका सपाट दगडाने झाकली जाते. पुढे आलेला दगड खाली पडत नाही, कारण त्याची शेपटी मागच्या भरावात दबलेली असते. म्हणजे खोली जितकी रुंद करावी तितकी तिची उंची वाढते आणि मागचा भारही वाढवावा लागतो. रुंदीवर असे बंधन असले, तरी लांबीवर मात्र कोणतेच बंधन नाही. मेक्सिकोतील उश्मल या माया नगराच्या तथाकथित राज्यपाल-प्रासादाची दर्शनी बाजू जवळजवळ 100 मीटर लांब आहे, ती याच पद्धतीने.

त्यांनी या पद्धतीत सुधारणा केल्या नाहीत असेही नाही. मेक्सिकोतील पालेंके येथील कारागिरांनी दोन समांतर दालने एकाच मधल्या भिंतीवर टेकवली, बाहेरचे छप्पर आतल्या उताराला समांतर असे तिरके केले आणि छतावरची शिखरपट्टी, म्हणजे माथ्यावर उभारलेली उंच शोभेची भिंत, जाळीदार करून नेमकी त्या मधल्या भिंतीच्या डोक्यावर उभी केली. भार मध्यावर आल्यामुळे बाहेरच्या भिंती पातळ झाल्या, दारे रुंद झाली आणि आत उजेड आला. तिकालमध्ये शिखरपट्टी जड आहे आणि ती मागच्या बाजूला चढवलेली आहे, म्हणून तिथला मागचा भाग इतका भरीव ठेवावा लागला. माझ्या दृष्टीने पालेंकेची ही रचना माया स्थापत्यातील सर्वांत बुद्धिमान रचना आहे.

युकातानच्या पुउक टेकड्यांत त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. तिथे भिंतीचे खरे बळ चुना आणि दगडगोटे यांच्या घट्ट झालेल्या गाभ्यात आहे. बाहेरचे सुबक घडीव दगड म्हणजे त्या गाभ्याला चिकटवलेले पातळ आवरण आहे. त्या छताला कमान म्हणण्यापेक्षा ओतीव काँक्रीटचे कवच म्हणणेच अधिक बरोबर ठरेल. आणि हे सारे धातूच्या अवजारांविना, ओझे वाहणाऱ्या जनावरांविना झाले, गारगोटीच्या जातीच्या दगडी हत्यारांनी.

पर्णकुटी

जोतेबंद यांच्या विवेचनाशी मी सहमत आहे, पण मूळ प्रश्नाचे उत्तर कमानीत नसून अंगणात आहे असे मला वाटते. आपण मंदिराकडे खोलीचे आवरण म्हणून पाहतो. माया नगरांत लोक जमत ते फरसबंद चौकात, उघड्या आकाशाखाली. मंदिर ही त्या चौकाची भिंत होती आणि तिच्या पायऱ्या हे व्यासपीठ होते. वरच्या खोलीत राजा आणि मोजके विधीकर्तेच जात असावेत, त्यामुळे ती अरुंद आणि अंधारी असणे हा दोष वाटण्याचे कारण उरत नाही.

शिवाय त्या उंचीच्या पोटात पुष्कळ काही असते. तिकालच्या पहिल्या मंदिराखाली हासाव चान काविल या राजाची कबर आहे. तो 682 साली गादीवर आला आणि 695 साली त्याने कलाकमुल या प्रबळ प्रतिस्पर्धी नगराचा पराभव केला. पालेंके येथे 1952 साली पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रुस यांना मंदिराच्या फरशीखालून उतरणाऱ्या जिन्याच्या तळाशी पाकाल राजाची समाधी सापडली.

होंडुरासमधील कोपान हे मला सर्वांत हृदयस्पर्शी उदाहरण वाटते. माया लोक जुने मंदिर बहुधा अर्धवट पाडून त्यावर नवे बांधत. पण तिथल्या सोळा क्रमांकाच्या पिरॅमिडमध्ये बोगदा खणताना 1989 साली पुरातत्त्वज्ञ रिकार्दो आगुर्सिया यांना सहाव्या शतकातले एक संपूर्ण मंदिर, त्याच्या लाल रंगासह आणि गिलाव्यातील मोठमोठ्या मुखवट्यांसह, जसेच्या तसे उभे असलेले आढळले. झाकण्यापूर्वी त्यावर पांढऱ्या चुन्याचा हात फिरवला होता आणि खोल्या काळजीपूर्वक भरून घेतल्या होत्या. माणसाला पुरावे तसे त्यांनी ते देऊळ पुरले. आज त्याला रोसालिला म्हणतात आणि तिथल्या संग्रहालयात त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी आहे. अशा परंपरेत इमारतीचा गाभा भरीव असतो, कारण तो गाभा म्हणजे आधीच्या पिढ्यांच्या इमारती.

जलरेखा

चौकाचा उल्लेख झाला म्हणून एक गोष्ट जोडते. तिकाल उंचवट्यावर आहे, जवळ नदी नाही, आणि वर्षातले काही महिने तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. चुन्याचा गिलावा दिलेले चौक हलक्या उताराचे होते आणि त्यांवरचे पाणी दगडाच्या जुन्या खाणींतून तयार केलेल्या तलावांत जाई. म्हणजे मंदिरासाठी दगड काढला तिथेच पाणी साठले. कोरिएन्ताल नावाच्या तलावात झिओलाइट हे खनिज आणि स्फटिकाची वाळू सापडली. ही सामग्री सुमारे 30 किलोमीटरवरून आणलेली असून ती पाणी गाळण्यासाठी होती, असा निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास राजवाड्याजवळच्या तलावांच्या गाळात पाऱ्याचे मोठे प्रमाण आढळले. इमारतींना आणि कबरींना वापरलेल्या हिंगुळाच्या, म्हणजे पाऱ्याच्या खनिजाच्या, लाल रंगातून तो पावसाबरोबर वाहत आला असावा, असे संशोधकांनी मांडले. राजघराण्याच्या सर्वांत जवळचे पाणीच सर्वांत दूषित असावे, हे वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते.

वैदेही_क

सर्वांचे मनापासून आभार. चौकाकडे मी आजवर केवळ मोकळी जागा म्हणून पाहत होते, ही माझी चूक झाली. आता एक पुढचा प्रश्न विचारते. एवढा चुना भाजण्यासाठी लागलेल्या लाकडामुळेच अरण्य संपले आणि ही नगरे ओस पडली, असे म्हणणे कितपत योग्य आहे?

जोतेबंद

चुन्यासाठी लाकूड प्रचंड लागे यात शंका नाही. लाकडाचा मोठा ढीग रचून त्यावर चुनखडी भाजत, आणि एल मिरादोरसारख्या प्राचीन नगरांच्या ऱ्हासात या वृक्षतोडीचा मोठा वाटा होता असे पुरातत्त्वज्ञ रिचर्ड हॅन्सन यांचे प्रतिपादन आहे. मात्र सगळ्या नगरांना हे एकच कारण लावणे मला मान्य नाही. दक्षिणेतील नगरे नवव्या शतकात ओस पडली, तेव्हा दीर्घ अवर्षणे होती आणि नगरांमधली युद्धेही वाढली होती. शिवाय हे कारागीर साधनांचा विचार करणारे होते. कोपानच्या गिलाव्यात झाडांच्या सालींचा रस मिसळल्यामुळे तो अधिक चिवट झाल्याचे 2023 साली दाखवले गेले.

लाकडाची टंचाई मात्र तिकालच्या तुळयांवर दिसते. दारांवरच्या तुळयांसाठी ते चिकूच्या झाडाचे लाकूड वापरत, कारण ते अतिशय कठीण असते आणि त्यावर कोरीव कामही उत्तम उतरते. सुमारे 741 सालच्या चौथ्या मंदिरात या झाडाच्या भक्कम तुळया आहेत. त्यानंतरच्या इमारतींत त्याऐवजी हलक्या प्रतीचे, वाकडेतिकडे वाढणारे लॉगवुड वापरलेले दिसते. सुमारे 810 सालच्या तिसऱ्या मंदिरात चिकू परत येतो, पण तुळया बारीक झालेल्या असतात. तिकालमध्ये तारीख कोरलेला शेवटचा शिलास्तंभ 869 सालचा आहे.