राखीतला सेल, नाकातला सेल: तुमच्याकडचे किस्से लिहा

सायलीमावशी: काल भाच्यासाठी राख्या बघत होते. दुकानदाराने बटण दाबलं, राखी लाल-निळी लुकलुकली. मागची चकती नखानेच निघाली आणि बटणासारखा चपटा सेल माझ्या तळहातावर. स्क्रू वगैरे काही नाही. लगेच धाकट्या भावाची आठवण झाली. लहानपणी त्याच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचं काळपट पाणी यायचं. आई सर्दी समजून वाफ देत राहिली. शेवटी डॉक्टरांनी चिमट्याने काढला तो बाबांच्या घड्याळाचा सेल! नाकाच्या आतल्या पडद्याला पडलेलं भोक मात्र कायमचं. आता दोन पोरांचा बाप आहे, पण झोपला की नाकातून शिट्टी वाजते. भावजय म्हणते, तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करते 😄 तुमच्याकडे असं काही घडलंय?

फणसगरे: त्या पाण्याच्या पणत्या!! पाणी घातलं की पेटणाऱ्या. खालचं बूड फिरवलं की सेल बाहेर. आमच्या बाईसाहेब रांगत रांगत थेट रांगोळीपाशी पोचल्या होत्या, हातात पणती, बूड गायब. सेल पायपुसण्याखाली सापडला म्हणून जीव भांड्यात पडला. यंदा मातीच्याच.

आजोबा७४: माझ्या कानाच्या मशीनचे सेल गोळ्यांच्या डबीत असायचे. बीपीच्या गोळीबरोबर मीच गिळणार होतो. सूनबाईंनी डबी जप्त केली.

मिसळपाववाला: @आजोबा 😂😂 ऐकू आलं असतं पोटातलं

विदर्भकन्या: पुतण्याने रुपया गिळला होता. आजीने केळी भरवली, दुसऱ्या दिवशी निघाला. सेललाही तेच करायचं ना?

घसेफोड: नाही हो! केळं नको, उलटी काढणं नको, सरळ हॉस्पिटल. मी कान-नाक-घशाचीच, दोन पेशंटच्या मध्ये लिहितेय. सीआर २०३२ हा बटणसेल म्हणजे २० मिमी रुंद, ३.२ मिमी जाड, ३ व्होल्टचा. लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो, ओल्या जागेतून करंट वाहतो आणि ऋण बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा क्षार तयार होऊन आतून भाजतं. सेल फुटावाच लागतो असं नाही. २ तासांत गंभीर जखम होऊ शकते. रिमोट चालेना म्हणून काढलेला जुना सेलही तितकाच वाईट. एक्स-रेत नाणंच वाटतं, कडेला दुहेरी वर्तुळ दिसलं की आमची धावपळ. लाळ गळते, खोकला येतो, जेवत नाही. कधी लक्षणच नसतं. नाकाकानात गेला असेल तर थेंब घालू नका. आले, पेशंट आलाय

फणसगरे: डॉक्टर, मध चाटवायचा असं वाचलंय?

घसेफोड: हो. मूल वर्षाच्या वरचं असेल, गिळू शकत असेल आणि १२ तास उलटले नसतील तर. हॉस्पिटलला जाता जाता दर १० मिनिटांनी २ छोटे चमचे, फार तर ६ वेळा. घरात मध नसेल तर आणायला थांबू नका. वर्षाखाली मध नाहीच.

जर्सीकर: इकडे अमेरिकेत २०२२ मध्ये रीस लॉ आला. टेक्सासची दीड वर्षाची रीस रिमोटचा सेल गिळल्याने दगावली, तिच्या नावाने. आता सेलच्या खणाला स्क्रू तरी असतो, नाहीतर दोन हातांची कसरत. सासूबाई आल्या होत्या, रिमोटपुढे हात टेकले. सेलचं पाकीट तर कात्रीशिवाय उघडत नाही, कात्रीही त्याच पाकिटात असती तर बरं झालं असतं.

मिसळपाववाला: आमच्या रिमोटचं झाकण २०१५ पासून रबरबँडवर आहे. आत्ता उठून चिकटपट्टी लावली

केकवाली: किचनमधला वजनकाटा उलटा करून सेलचं झाकण सहज निघतंय का बघा सगळ्या. आणि जुना सेल टाकताना दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावायची, नुसता कचऱ्यात नाही.

विदर्भकन्या: आजीला वाचून दाखवलं. म्हणते, मग केळी मीच खाते.

सायलीमावशी: 😂 राखी रेशमाचीच घेतली शेवटी. फणसगरे, पणत्या कुठून आणतेस गं? आमच्या तेल फार पितात.

फणसगरे: कुंभारवाड्यातून. आदल्या रात्री पाण्यात भिजत घाल, मग कमी पितात.