खाणी सुरू झाल्या म्हणून पेढे वाटायचे?

कुळागर
काल उसगावकर यांनी लिहिलं, 'चार एनजीओवाल्यांनी कोर्टात जाऊन गोव्याच्या पोटावर पाय दिला. आता कुठे डिचोलीत ट्रक दिसू लागलेत, देव पावला.' दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण झोपच लागेना.

पोटावर पाय कोणी दिला ते तारखेवार बघू. पोर्तुगीजांच्या काळातली कन्सेशनं, म्हणजे खाणीचे परवाने, १९८७ च्या कायद्याने त्यांची लीज (मुदतीचे पट्टे) झाली आणि २२ नोव्हेंबर २००७ ला ती संपली. पुढची पाच वर्षं बार्ज भरभरून लोहखनिज गेलं ते कोणत्या कागदावर? २०१२ ला बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला तेव्हा काम आधी राज्य सरकारने थांबवलं, सुप्रीम कोर्ट नंतर आलं. २०१४ ला कोर्टाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीतले १० टक्के पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला टाकायला सांगितलं. यावर सरकारने काय केलं? लिलाव राहिला बाजूला, जुन्याच ८८ लीजांचं नूतनीकरण! २०१८ ला कोर्टाने ते रद्द केलं. म्हणजे दुसरी बंदी कोणी ओढवून घेतली?

आमचं शेत सत्तरीत, डंपच्या, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या डोंगराच्या पायथ्याला. टनभर खनिजासाठी अडीच-तीन टन माती काढतात, ती कुठेतरी टाकावीच लागते. एका पावसात ती शेतात उतरली, घोटाभर लाल चिखल. तीन वर्षं भाताचा दाणा नाही. कंपनीने दिलेल्या भरपाईत बाबांची छत्री आली, असं आई अजून म्हणते.

उसगावकर
तारखा पाठ आहेत, शाबास. मला एकच पाठ आहे, दर महिन्याची ५. हप्त्याची. चीन कमी ग्रेडचा, डंपवर फेकलेला मालसुद्धा उचलत होता तेव्हा कर्ज काढून दोन ट्रक घेतले. कंपनीच म्हणाली घ्या, बँक दारात आली. लीज २००७ ला संपलं हे ट्रकवाल्याला कोण सांगणार? रॉयल्टी सरकार घेत होतं, माल बंदरावर जात होता, मी काय कागद तपासायचे? बंदीनंतर एक ट्रक विकला, दुसऱ्यात कोंबड्या अंडी घालायच्या. आणि पेढे मी वाटलेले नाहीत. नवीन कामात माझा ट्रक नाहीच, तो भंगारात गेला.

सह्याद्रीप्रेमी
दोघांचंही वाचलं, वाईट वाटलं. पण मुळात गोव्याला खाणी हव्यातच कशाला? निसर्ग आहे, पर्यटन आहे. इको-टुरिझम वाढवा. आम्ही पुण्याहून दर वर्षी येतो ते काय डंप बघायला?

उसगावकर
साहेब, उसगावात समुद्र कुठे आहे तेवढं दाखवा. खाणपट्टा म्हणजे डिचोली, सत्तरी, सांगे. किनाऱ्याचा पैसा इथवर येत नाही. माझ्या पोराने काय करायचं, कळंगुटात तुमच्या टॉवेलांच्या घड्या?

कुळागर
नाइलाज आहे, पण इथे उसगावकर बरोबर आहेत. खाणवाल्यांनी डोंगर कागदाशिवाय कापले, व्हिलावाले कागद करून कापतात. आमच्या खालच्या वाड्यावर 'फॉरेस्ट व्ह्यू' नावाचा प्रकल्प आला, त्याच्यासाठी आधी फॉरेस्टच साफ केलं.

सह्याद्रीप्रेमी
हा टोमणा मला असेल तर सांगतो, पर्वरीला फ्लॅट घेतलाय तो घामाच्या पैशाने. वर्षातले ४० दिवस राहतो आणि मेंटेनन्स बारा महिन्यांचा भरतो.

उसगावकर
उरलेले ३२५ दिवस तिथे कोण राहतं? पाल?

कुळागर
पाणी टँकरचं ना? टँकर कोणाच्या विहिरीवर भरतो ते विचारलंत कधी?

सह्याद्रीप्रेमी
नळाचं आहे, मीटर आहे! आणि महाराष्ट्रातला माणूस आला की 'भायलो' (बाहेरचा), मात्र मराठी पेपर वाचायला चालतो, हे काय आहे?

कुळागर
मराठीचा काय संबंध? डिचोलीत मराठी तुमच्याकडून उसनी आणलेली नाही.

कुडचडेकरीण
मीटर ठेवा बाजूला. आमचं घर खाणीच्या रस्त्यावर. २०१२ पर्यंत आईने पांढरं कापड अंगणात वाळत घातलं नाही, जेवणाच्या ताटावर ताट पालथं असायचं. ड्रायव्हरला ट्रिपमागे पैसे, म्हणून जीव खाऊन हाकायचे. माझा मावसभाऊ त्यातल्याच एका ट्रकखाली गेला, सायकलवर होता. बंदी आली तेव्हा शेजारी रडत होते, आमची आई चादर धूत होती. उसगावकर, तुमच्या हप्त्यांचं दुःख मला कळतं. फार कळून घ्यायची इच्छा नाही, एवढंच.

उसगावकर
बाई, त्या रस्त्यावर मीही हाकलंय. पाच ट्रिप झाल्या तर डिझेल आणि हप्ता सुटायचा, चार झाल्या तर घरून घालायचे. मजा म्हणून कोणी दाबत नव्हतं.

कुडचडेकरीण
म्हणजे चूक सायकलची?

उसगावकर
तसं म्हटलं नाही. तसं वाटलं असेल तर शब्द मागे.

कुळागर
आणि २०१७ ला खाणपट्ट्यातल्या सोनशी गावच्या लोकांनी धूळ-पाण्यासाठी ट्रक अडवले, ४५ जण तुरुंगात गेले. तेव्हा ट्रकवाले कोणाच्या बाजूने होते?

उसगावकर
स्वतःच्या. घ्या, लिहून दिलं. तुम्ही तरी शेतात माती यायच्या आधी कधी खाणीविरुद्ध बोलला होता? तुमच्या घरचं कोणी कंपनीत नव्हतं?

कुळागर
काका होते. वेब्रिजवर, वजनाला. माझी कॉलेजची फी त्यांनीच भरली.

उसगावकर
मग?

कुळागर
मग काही नाही. चिखल तरीही आला.

उसगावकर
शेत पिकतं का आता?

कुळागर
अर्धं. घरापुरतं होतं.

सह्याद्रीप्रेमी
मीटरचा फोटो संध्याकाळी टाकतो.