मदत हवी आहे: पुणे ते चिपी विमानाने, घर ते घर खरोखर किती वेळ?

नमस्कार मंडळी. आमचं घर सिंधुदुर्गात म्हापणला, चिपी विमानतळापासून जवळच. आई सध्या माझ्याकडे पुण्यात आहे. तीन महिन्यांपूर्वी तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्या. वय ७६. रोज एकच घोष, "माका चवतीक घराक जावचा आसा" (गणेश चतुर्थीला घरी जायचंय).

गाडीने नेलं तर कोल्हापूर, मग फोंडा घाट, म्हणजे पावसात नऊ-दहा तास. डॉक्टर म्हणतात, इतका वेळ पाय दुमडून बसायचं नाही, रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. रेल्वेने पनवेलचा वळसा पडतो. म्हणून विमान.

नकाशावर सरळ रेषेत अंतर साधारण २९० किमी भरतं. या मार्गावरचं एटीआर (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) ताशी ५०० किमीच्या आसपास उडतं, म्हणजे ३५ मिनिटं. तिकिटावर मात्र तासाभराच्या वर वेळ दिसतो. असं का? आणि चिपीला उतरता आलं नाही तर?

प्रतिसाद १:
तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा तळ आहे, तिथे धावपट्टीसाठी थांबावं लागू शकतं. शिवाय चढताना आणि उतरताना ५०० चा वेग नसतोच. एवढ्या कमी अंतरात जेटनेही फार वेळ वाचत नाही. घर ते घर साडेचार-पाच तास धरा. त्यातला बराचसा विमानतळावर बसण्यात जातो, पण तिथे आईंना उठून चार पावलं टाकता येतात. गाडीत ते जमत नाही.

प्रतिसाद २:
माझे वडील याच अवस्थेत होते, म्हणून कळकळीने सांगतो. एटीआरमध्ये मागच्या दारातून, विमानाच्याच छोट्या जिन्याने चढावं लागतं. पायऱ्या मोजक्याच, पण उंच. नुसती व्हीलचेअर सांगू नका, "पायऱ्या चढता येत नाहीत" असं तिकीट काढतानाच नोंदवा आणि आदल्या दिवशी फोन करून खात्री करा. सांध्यातल्या धातूमुळे तपासणीत यंत्र वाजतं, डिस्चार्ज कार्ड हातात ठेवा. प्रवासाला हरकत नसल्याची डॉक्टरांची चिठ्ठीही घ्या.

पावसाचं म्हणाल तर ढग खाली उतरले की विमान दुसरीकडे वळवतात किंवा परत नेतात. गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरवलं तर तिथून म्हापण दीड-दोन तास. चतुर्थीच्या आदल्या दिवसाचं तिकीट काढू नका, चार दिवस हाताशी ठेवा.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. जिन्याचं डोक्यातच आलं नव्हतं. आजपासून आईला सोसायटीच्या जिन्यावर रोज चार पायऱ्यांचा सराव देतो, फिजिओथेरपिस्टना विचारून. तिकीट चतुर्थीच्या पाच दिवस आधीचं बघतोय. कुडाळच्या भावाला गाडी घेऊन तयार राहायला सांगितलंय, चिपी असो की मोपा. आता एकच विचारायचंय: पाय पसरायला जास्त जागा असलेली सीट एटीआरमध्ये कुठल्या रांगेत मिळते?